रविवारी गुणगुणणारा डबा

मूगवड्यांचं वाटण निम्मं संपलं होतं. गच्चीवर प्लास्टिकचे दोन कागद अंथरले होते. एक भरला होता, दुसऱ्यावर जेमतेम दोन ओळी पडल्या होत्या, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत बाकीच्या घालून मोकळं व्हायचं होतं. तेवढ्यात खालून मामाजींची हाक आली.

"सूनबाई, खाली ये वं जरा. तुझे कान पायजे."

"हात वाटणाचे आहेत, मामाजी."

"हात कोणी मांगतले? कान म्हटलं मी."

मामाजी म्हणजे माझे सासरे, रुपराव. हात तसेच वर धरून मी जिना उतरले. बैठकीत त्यांचे जुने मित्र गोपाळराव सोफ्याच्या काठावर बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून, दवाखान्यात रिपोर्टची वाट पाहत बसावं तसे. समोरच्या टीपॉयवर गमछा पसरलेला आणि त्याखाली दोन उंचवटे. मामाजींनी स्वतःच्या कानावरचे मोठे हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवले. पदर सरकला तो त्यांनीच नीट केला.

"काय ऐकू येते ते सांग. मनातलं सांगू नको, कानातलं सांग."

भजन चालू होतं. खंजेरी वाजत होती, मागं टाळ होता. आणि त्या सगळ्याच्या खाली एक बारीक "ऊंऽऽ" होता, शेजारच्या गल्लीत कुणी पाण्याची मोटार चालू करून विसरून गेल्यासारखा.

मी मामाजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते.

"येते ना?" ते म्हणाले.

"येते."

गोपाळरावांनी मान खाली घातली. ही गोष्ट त्या "ऊंऽऽ"ची आहे. पण ती कळायची तर आधी मामाजी कळले पाहिजेत.

मामाजी मूळचे पारशिवनीकडचे. मिसरूड फुटायच्या आधी नागपूरच्या इतवारीत आले आणि धान्याच्या बाजारात दलाल झाले. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला दाखवायचा, दोघांच्या मध्ये उभं राहायचं. उभं आयुष्य त्यांनी मुठीत धान्य घेऊन काढलं. लोक दाणा दातांनी फोडून पाहतात. मामाजी मूठ कानाशी नेऊन हलवायचे. वाळलेला चणा खणखणतो, ओला चणा गप्प राहतो, असं त्यांचं म्हणणं. पोत्याच्या तोंडाशी कोरडा आणि तळाशी ओला माल भरून आणणारे त्यांना बघितलं की दुसऱ्या दलालाकडे वळायचे.

माझ्या लग्नातली गोष्ट आहे. माझ्या वडिलांनी जेवणावळीसाठी तुरीची डाळ आणली होती, चकचकीत. मामाजी वरबाप म्हणून मांडवात आले, फिरत फिरत कोठीघरात शिरले, मूठभर डाळ तळहातावर चोळली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "व्याही, डाळ मागच्या सालची आहे. तेल चोपडून चमकवली. तुमाले फसवलं कोणीतरी." आईला तर वाटलं, वरपक्ष रुसला. तासाभरात इतवारीतून नवी डाळ हातगाडीवर आली, मामाजींनीच मागवलेली, आणि पंगतीत ते माझ्या वडिलांच्या शेजारी बसून दोनदा वरण मागून जेवले. माझे वडील शेवटपर्यंत सांगायचे, "पोरीचं सासर कडक आहे, पण खोटं नाही."

सासूबाई गेल्या, इतवारीतलं भाड्याचं घर सुटलं आणि आम्ही इकडे शहराच्या टोकाला, बेसाला राहायला आलो. इतवारीत मामाजी टेपवर भजन लावायचे ते खालच्या हमालांनाही ऐकू जायचं, कुणाची तक्रार नव्हती. हमाल उलट म्हणायचे, जरा वाढवा. बेसात घराला घर लागून. पलीकडे प्रेमिलाताई राहतात, त्यांची लेक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. एकदा त्यांनी भिंतीवरून हसत हसतच विचारलं, "बाबूजी, तुमच्या भजनाचा एकही दिवस सुट्टीचा नसते का?" मामाजींनी त्या दिवसापासून आवाज बंद केला. तक्रार करणारे नाहीतच ते. नुसते खुर्चीत बसून राहायला लागले. जेवायला बोलावलं की यायचे, टीव्ही लावला की पाहायचे, पण मूठ उघडली आणि आत दाणाच नाही, असं काहीसं झालं होतं त्यांचं.

हे माझ्या मुलाच्या, हर्षितच्या लक्षात आलं. तो पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीत आला तेव्हा आजोबांसाठी मोठे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेऊन आला. जुनी कॅसेटही कुठूनशी फोनमध्ये भरून आणली. ती कॅसेट म्हणजे घरचं सोनं. पारशिवनीच्या भजन मंडळाचं भजन, गावातच कुणीतरी टेप केलेलं. खंजेरी वाजवतात ते मामाजींचे थोरले भाऊ, धोंडबा. ते आता नाहीत. तिसऱ्या कडव्यात एक बकरी ओरडते.

हेडफोन घातले तर मामाजी म्हणाले, "गोधडीतून कोणीतरी बोलून राहिलं."

हर्षित म्हणाला, "आजोबा, हे हेडफोन दमदार आहेत, फोनचा जोर त्यांना पुरत नाही. मध्ये ॲम्प्लिफायर लागतो." नुसता हेडफोनसाठीचा, छोटा. उन्हाळ्यात त्यानं एक मागवून पाठवला. काळा, लाडवाच्या डब्याहूनही लहान, फोनच्या चार्जरवर चालणारा. "आवडला नाही तर परत करता येतो," असंही सांगितलं.

हे गोपाळरावांना कळलं. इतवारीत मामाजींच्या बैठकीखालीच त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, मग टेप गेले, मग दुकान गेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगा म्हणतो, आता पसारा आवरा. पण मित्रासाठी विकतचा ॲम्प्लिफायर आला हे त्यांना सहन झालं नाही. इतवारीतल्या भांडे ओळीतून एक स्टीलचा जेवणाचा डबा आणला आणि त्यात स्वतःच्या हातानं ॲम्प्लिफायर बसवला. पुढे जुन्या रेडिओचं मोठं गोल बटण, मागून तीन पिनची वायर. उचलायला गेलं तर आत वरण-भात भरल्यासारखा जड.

"रुपराव, हा ठेव अन् तोही ठेव," ते म्हणाले होते. "ऐक. जो चांगला असंन तो घे. पण खोटं बोलशीन तर आपली दोस्ती संपली. ऑपरेशन झाल्यापासूनचं पहिलं काम आहे हे. यात जर आवाज घुसला असंन तर समजून घेतो का हात गेला माझा. सोल्डरिंगची इस्त्री भंगारात देऊन टाकतो."

ही अट मामाजींना कशाला घालावी लागते? त्यांनी तर व्याह्याला सोडलं नाही.

मग सुरू झाली परीक्षा. पहिल्यांदा मामाजींनी दोन्ही डबे लावले आणि गोपाळरावांचाच चांगला म्हणून मोकळे झाले. दुसऱ्या मिनिटाला स्वतःच हरकत घेतली. "थांब. याचा आवाज मोठा होता. मोठा आवाज म्हणजे तेल लावलेली डाळ. चमकते, पण खरी नसते." मग म्हणाले, मापात माप पाहिजे. एकदा या डब्याला, एकदा त्या डब्याला हेडफोन लावून, दोन्हीकडे बकरी सारखीच ओरडेल एवढं बटण फिरवलं आणि मला म्हणाले, "इथं खूण करायला काहीतरी दे."

मी कुंकू दिलं. देवघरातल्या करंड्यातलं नाही, माझ्या कपाळाच्या डबीतलं. दोन्ही बटणांवर एकेक टिकली लागली. बटण टिकलीच्या पुढे न्यायचं नाही, हा नियम. मग गमछा. मी गमछ्याखाली हेडफोनची पिन या नाहीतर त्या डब्यात घालायची आणि मामाजींनी डोळे मिटून ऐकायचं. गुणही तोंडानं द्यायचे नाहीत. बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, बाजूला उभ्या असलेल्या माणसाला कळू नये म्हणून. मामाजी तसेच रुमाल टाकून माझी बोटं दाबायचे. पूर्ण पंजा म्हणजे पाच, वर जितकी बोटं तितके जास्त, नुसतं पेर दाबलं तर अर्धा.

सोमवार ते शनिवार गोपाळरावांचा डबा सरस यायचा. मामाजी रंगात येऊन मला म्हणायचे, "हर्षितचा डबा म्हणजे चाळणीतून काढलेला गहू, मेघा. एक खडा नाही. दूरवरची बकरी पण साफ दिसते त्यात. पण गोपाळचा डबा म्हणजे आत्ताच खळ्यावरून आलेला गहू. त्याले वास आहे. दादाच्या खंजेरीचं कातडं ऐकू येते." लगेच गोपाळरावांना फोन. "अरे ये गा रविवारी, तुझ्यासमोर निकाल देतो."

रविवारी गोपाळराव इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. आणि रविवारी डबा गुणगुणायचा.

पहिल्या रविवारी वाटलं, काहीतरी सैल झालं असेल. गोपाळराव डबा घरी घेऊन गेले, उघडला, सगळे टाके तपासले. त्यांच्या घरी आवाज नाही. परत आणून दिला. आठवडाभर साफ. दुसऱ्या रविवारी पुन्हा "ऊंऽऽ". गोपाळराव त्या दिवशी चहा न पिताच गेले. जाताना एवढंच म्हणाले, "माझ्या पाठीमागं चांगला अन् माझ्यासमोर खराब. रुपराव, तू मले बरं वाटावं म्हणून तर फोन करत नाही ना?"

मामाजी ते बोलणं मनाला लावून बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना गोड खोटं बोलणारा म्हटलं होतं. त्यातही त्यांना स्वतःचीच शंका यायला लागली. मला म्हणाले, "मेघा, सहा दिवस मले ऐकूच येत नसंन का तो आवाज? मैत्रीनं कान झाकते का माणसाचे?"

आजचा हा तिसरा रविवार. उद्या परतीचा शेवटचा दिवस, हर्षितचा डबा न्यायला माणूस येणार, नाहीतर तो कायमचा आपला. आणि उद्याच गोपाळरावांकडे भंगारवाला येणार होता. आमचे हे पारशिवनीला लग्नाला गेलेले. म्हणून कान माझे.

"येते," असं मी म्हटलं आणि वाटलं, काही बोललेच नसते तर बरं झालं असतं. पण मामाजींसमोर कानातलं सांगायचं, मनातलं नाही.

गोपाळराव उठले. "झालं तर मग. हर्षितचा ठेव, रुपराव. चांगली वस्तू आहे, मी वाईट म्हणत नाही."

"बस," मामाजी म्हणाले.

"बसून काय करू?"

"बस म्हटलं ना गा. माल खराब असंन तर मी पहिलाच सांगतो. पण सहा दिवस चांगला माल सातव्या दिवशी काहून सडते, हे मले समजून नाही राहिलं. अन् जे समजत नाही त्याचा भाव मी करत नाही."

"तुझ्या त्या भावानं माझा हात परत येते का?"

मी स्वयंपाकघरात जाऊन हात धुतले आणि माठातलं पाणी घेऊन आले. पेले ठेवायला टीपॉयवर जागा नव्हती, म्हणून ओल्या हातानंच गमछा बाजूला करून स्टीलचा डबा सरकवायला गेले. पायात चप्पल नव्हती. बोटांना झिणझिण झाली. पेला हातातून सुटला, पाणी चटईवर सांडलं.

"काय झालं?" गोपाळराव म्हणाले.

"काही नाही, काकाजी. मुंग्या आल्या हाताला."

"डब्याले हात लावल्यावर?"

"हो. सकाळी कपड्याच्या मशीनलाही आल्या होत्या. ते उन्हामुळं असेल म्हटलं."

गोपाळरावांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतो, टेस्टर असतो. तो काढून त्यांनी डब्याला टेकवला. आतला दिवा मिणमिणला. मग ते उठून आमच्या स्वयंपाकघरात शिरले, विचारलं पण नाही, आणि फ्रिजला टेस्टर टेकवला. मिणमिणला. मोरीजवळच्या कपड्याच्या मशीनला टेकवला. तिथंही. ते परत आले तेव्हा पंधरवड्यात पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

"रुपराव, अबे, माझा डबा नाही गुणगुणून राहिला. तुझं घर गुणगुणून राहिलं."

मामाजींना काही कळेना. मलाही नाही. गोपाळरावांनी सांगितलं ते असं. फ्रिज, मशीन, सगळ्यांतून थोडी थोडी वीज झिरपतच असते. ती तिसऱ्या पिनच्या तारेनं जमिनीत निघून जाते. तिलाच अर्थिंग म्हणतात. जमिनीत जायला वाट नसली तर ती तारेतच फिरत राहते आणि तारेला जे जे धातूचं जोडलेलं, त्या सगळ्यावर येऊन बसते. हर्षितचा डबा फोनच्या चार्जरवर, दोन पिनचा. त्याचा त्या तारेशी संबंधच नाही. गोपाळरावांचा स्टीलचा, तीन पिनचा. सगळ्या घराची वीज त्याच्या अंगावर.

"तुमची अर्थिंग कुठं गाडली आहे?" त्यांनी मला विचारलं.

आम्ही तिघंही अंगणात गेलो. बिल्डरनं घर देताना एका कोपऱ्यात पाईप गाडून दिला होता, दीड-दोन हात खोल असेल. सगळ्या अंगणात सकाळचं ऊन तेवढ्याच कोपऱ्यात येतं, म्हणून मी तिथंच पाईपाला आत घेऊन तुळशीवृंदावन बांधून घेतलं. बिनबुडाचं, खालची माती थेट जमिनीला लागलेली. गोपाळरावांनी वाकून मातीत बोट घातलं. माती भुरभुरली.

"सुकून पार भुगा झाली. इथं पाणी घालत नाही का तुम्ही?"

"अंघोळ झाली की रोज घालते, काकाजी. देवाच्या अंघोळीचं पाणी अन् वरून अर्धी बादली. उन्हाळा आहे ना."

"मग आज?"

"आज रविवार."

"रविवारी नळ येत नाही?"

"नळ येतो. रविवारी तुळशीला पाणी नाही घालत. तिचा उपास असतो."

शनिवारी सकाळी घातलेलं पाणी नागपूरच्या मे महिन्यात रविवारी दुपारपर्यंत टिकतं का? गोपाळराव हळूहळू सरळ उभे राहिले. मामाजी मात्र तुळशीकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते.

"मेघा, उपास फक्त रविवारीच का?"

"एकादशीलाही."

"या आठवड्यात एकादशी कधी होती?"

"गुरुवारी. तुम्ही भगर खाल्ली ना."

मामाजींनी टोपी काढून डोकं पुसलं. "गोपाळ, गुरुवारी पण गुणगुणला होता तुझा डबा. मी तुले सांगतलं नाही."

"लपवलं?"

"एका दिवसावरून भाव करायचा नसते. पण हो, लपवलं. भेव वाटलं मले."

"कायचं भेव?"

"तुझी इस्त्री भंगारात जाईन याचं."

गोपाळरावांनी मामाजींच्या खांद्यावर नुसती एक चापट मारली, धूळ झटकल्यासारखी. मग कामाचं बोलले. "आता एक बादली आणा. पाणी ओतू, पाच मिनिटं मुरू देऊ, अन् लावून पाहू. खरं-खोटं समोर येऊन जाईल."

बादली मोरीत भरलेलीच होती. पण माझे पाय उचलेनात. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हा नेम माझ्या ओंजळीत घातला होता. आजारपणात मोडला नाही, बाळंतपणात दुसऱ्याकडून पाळून घेतला. अर्थिंगला पाणी घालायचं तर ते तुळशीच्या मुळाशीच जाणार. देव रागावेल अशी भीती नव्हती. देव इतका बारीक मनाचा नसतो. पण ती रविवारी पाणी मागत नाही हे मला माहीत आहे, मग तिला जबरदस्तीनं का पाजायचं? आणि समोर गोपाळरावांचा तो चेहरा. मी नुसतीच उभी राहिले.

मामाजी तसे देवाधर्माचे फार नाहीत. भजनही ते खंजेरीसाठी ऐकतात, असं मी त्यांना तोंडावर म्हणते. पण तेच म्हणाले, "सूनबाईचा नेम मोडायचा नाही. दुसरा रस्ता काढ गोपाळ. एवढे रेडिओ जोडले तू."

गोपाळरावांनी इकडं तिकडं पाहिलं आणि भिंतीपलीकडं पाहिलं. "त्यांची अर्थिंग कुठं आहे?"

मी हाक मारली. प्रेमिलाताई नुकत्याच विहारातून आल्या होत्या, पांढऱ्या साडीतच भिंतीशी आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांना हसू आवरेना.

"म्हणजे उपास तुमच्या तुळशीचा, अन् करंट आम्ही द्यायचा?"

"एकच प्लग पायजे, ताई," गोपाळराव म्हणाले. "तुमचा पाईप कुठं गाडला आहे?"

"न्हाणीच्या पाण्याजवळ. आमच्या इथं धुणं रोजच असते जी, उपास-गिपास काही नाही." मग मामाजींकडे वळून, "बाबूजी, निकाल लागला तर मलेही ऐकवा. इतके दिवस भिंतीतून ऐकलं, मग एकदम बंद केलं. बकरीचं पुढं काय झालं, तेही समजलं नाही मले."

एक्स्टेन्शनची लांब वायर भिंतीवरून अंगणात आली, खिडकीतून बैठकीत आली. प्रेमिलाताईही वायरच्या मागोमाग आल्या. गोपाळरावांनी त्यांचा डबा त्या प्लगवर लावला. या वेळी हेडफोन आधी त्यांनीच कानाला लावले. मामाजींनी भजन सुरू केलं. गोपाळराव डोळे मिटून बसले. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. काही वेळानं त्यांनी हेडफोन काढून मामाजींच्या हातात दिले आणि चष्मा पुसायला घेतला.

मामाजींनी ऐकलं. मग मी ऐकलं. "ऊं" नव्हता. खंजेरी होती, टाळ होता, आणि धोंडबामामाजी कडवं उचलायच्या आधी घसा साफ करतात तेही होतं. ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. प्रेमिलाताईंनी ऐकलं आणि बकरी आल्यावर मोठ्यानं म्हणाल्या, "आली वं आली." हेडफोन घातलेला माणूस किती मोठ्यानं बोलतो हे त्याला कळत नाही.

पण मामाजी एवढ्यावर निकाल देतील तर ते मामाजी कसले. "आवाज गेला, म्हणजे माल साफ झाला. अजून भाव व्हायचा आहे." पुन्हा गमछा. पुन्हा कुंकवाच्या टिकल्या. पिन बदलायला मी, आणि रुमाल या वेळी गोपाळरावांच्या हातावर. मी दोनदा, चारदा, मनात येईल तशी पिन बदलली. मामाजी डोळे मिटून ऐकत राहिले. मग हेडफोन उतरवून त्यांनी रुमालाखाली हात घातला. आम्हाला दोघींना दिसत होते फक्त रुमालाचे हलणारे कोपरे आणि गोपाळरावांचं तोंड.

"हा हर्षितचा," मामाजी म्हणाले आणि रुमाल हलला. "अन् हा तुझा." रुमाल पुन्हा हलला.

गोपाळरावांचं तोंड फुललं आणि लगेच वाकडं झालं. "साडेआठ? अर्धा काहून कापला?"

रुमालाखालचा भाव असा मोठ्यानं सांगायचा नसतो. मामाजींनी कपाळाला हात लावला.

"तुझं बटण खरखरते. टिकलीपर्यंत नेताना दोनदा खरखर झाली. हर्षितच्या डब्याले आठ, तुले साडेआठ. बटण बदल, मग नऊ."

"नऊच? दहा कधी देशीन?"

"दहा मी कोणत्याच मालाले देत नाही. दहा दिले का शेतकरी पुढच्या वर्षी मेहनत नाही करत."

हर्षितला फोन लावला. त्याचा डबा उद्या परत जाईल, हे सांगितलं. "आजोबा, माझ्यात काय कमी होतं?" तो म्हणाला. मामाजींनी त्याला कळवळून समजावलं की काहीच कमी नव्हतं, एका पेरानं मागं राहिला एवढंच. आणि पुढच्या वेळी येताना गोपाळकाकासाठी चांगलं बटण घेऊन ये, पुण्यात मिळत असंन. गोपाळरावांनी तिथूनच भंगारवाल्याला फोन केला. इस्त्री आणि मीटर मिळणार नाही, जुने पेपर आहेत, ते न्यायचे तर ये. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण गोपाळराव म्हणाले, "नाराज काहून होते? पेपरही जडच आहेत."

गच्चीवर ऊन चढलं होतं. उरलेल्या वाटणाच्या वड्या आता घालण्यात अर्थ नव्हता. प्रेमिलाताईंनी कांदे चिरून दिले आणि मी ते वाटणात घालून भजी तळली. गोपाळरावांनी आज चहा दोनदा घेतला. भजी खात खातच त्यांनी मामाजींना झापलं, नुसत्या गाण्यापायी हसून सोडून देऊ नको, ही अर्थिंग अशीच राहिली तर एखाद्या दिवशी सूनबाईला मुंग्यांवर भागणार नाही. वेगळा खड्डा खणायचा, चांगला खोल, त्यात पाईप, खडेमीठ आणि कोळसा. वृंदावनाच्या खड्ड्यात मीठ टाकायचं नाही, तुळस जळेल. खड्डा मागच्या बाजूला, माठाखालचं पाणी झिरपतं तिथं. उन्हं उतरली की दोघं खणणार आहेत. दोघांचं वय मिळून दीडशेच्या पुढं जातं, पण पहार कुणी धरायची यावरून आत्ताच वाद सुरू झाला आहे. नवी अर्थिंग होईपर्यंत मशीन बंद ठेवायचं आणि फ्रिजला हात लावताना पायात चप्पल घालायची, असं मला बजावलं आहे.

एक्स्टेन्शनची वायर अजून भिंतीवरच आहे. मामाजी खुर्चीत बसून ऐकत आहेत, उजव्या हाताची मूठ मधूनच कानाशी जाते आणि हेडफोनला अडते.

खडेमीठ घरात आहे. कोळसा नाही. बेसा चौकातला इस्त्रीवाला अर्धं पोतं देईल असं प्रेमिलाताई म्हणाल्या. आता पिशवी घेऊन त्याच्याकडे कोळसा आणायला जायचं आहे.